सीए की सीएमए फाउंडेशन? स्टॅट्सच्या पेपरवरून ठरवणाऱ्यांसाठी

बारावी कॉमर्सचा निकाल लागला की नागपूरच्या धंतोली-रामदासपेठेतल्या क्लासेसमध्ये चौकशीला आलेली निम्मी पोरं एकच विचारतात: 'स्टॅट्स (संख्याशास्त्र) कुठे सोपं जाईल, सीएला की सीएमएला?' सीए म्हणजे चार्टर्ड अकाउंटंट, सीएमए म्हणजे कॉस्ट अँड मॅनेजमेंट अकाउंटंट, आणि फाउंडेशन ही दोन्हींची पहिली परीक्षा. खरं सांगायचं तर अभ्यासक्रमात फारसा फरक नाही. सरासरी, मध्यक, एसडी (प्रमाण विचलन, म्हणजे आकडे सरासरीपासून किती पसरलेत त्याचं माप), सहसंबंध, संभाव्यता, निर्देशांक दोन्हीकडे आहेतच. फरक आहे तो गुण कसे मिळतात आणि कसे जातात यात.

सीएचा पेपर 3 शंभर गुणांचा: बिझनेस मॅथ्स 40, लॉजिकल रिझनिंग 20, स्टॅट्स 40. सीएमएच्या 2022च्या अभ्यासक्रमात पेपर 3 मध्ये मॅथ्स 40 आणि स्टॅट्स तब्बल 60. दोन्हीकडे प्रत्येक पेपरात किमान 40 आणि चारही पेपर मिळून 50 टक्के लागतात, पण पेपरातल्या प्रत्येक भागात वेगळं पास व्हायची अट नाही. म्हणजे सीएत मॅथ्स आणि रिझनिंग पक्कं असेल तर स्टॅट्स कच्चं असूनही पोरगं निघून जातं. सीएमएत ती पळवाट जवळपास बंद.

आता निगेटिव्ह मार्किंग. सीएत चुकलेल्या उत्तराला पाव गुण कापतात, सीएमएत काही कापत नाहीत. यालाच सगळे घाबरतात, पण हिशेब करून बघा. चार पर्यायांतून डोळे मिटून एक निवडला तर एक गुण मिळण्याची शक्यता पाव आणि पाव गुण जाण्याची पाऊण. अपेक्षित मूल्य, म्हणजे दर प्रश्नाला सरासरी मिळणारे गुण, निघतं 0.25 वजा 0.1875, म्हणजे 0.0625. तोटा नाही, पण फायदाही नावापुरता. असे 20 प्रश्न ठोकले तर सरासरी सव्वा गुण हाती येतो आणि त्याची एसडी जवळजवळ अडीच, म्हणजे उणे जायची भीती आहेच. सीएमएत प्रश्न दोन-दोन गुणांचे; तेवढ्याच 20 गुणांचे दहा प्रश्न ठोकले तर सरासरी पाच गुण पदरात. अंदाजाने उत्तरं देणाऱ्याला सीएमए दयाळू आहे, यात वाद नाही. मात्र सीएतही एखादा पर्याय खात्रीने बाद करता आला तर प्रश्न सोडून देऊ नये.

दुसरा घाव वेळेचा. सीएत दोन तासांत शंभर प्रश्न, म्हणजे एकाला 72 सेकंद. समजा प्रश्न असा: कळमन्याच्या बाजारात संत्र्याच्या पाच ढिगांचे भाव दिलेत, प्रत्येक भाव 50 रुपयांनी चढला, तर एसडी किती वाढली? ज्याला कळलंय तो तीन सेकंदांत 'शून्य' म्हणतो, कारण सगळे आकडे सारखेच सरकले की त्यांच्यातलं अंतर बदलत नाही. ज्याने नुसतं सूत्र पाठ केलंय तो वर्ग काढत बसतो. बी.कॉम.च्या लेखी पेपरात पायऱ्यांना तरी गुण मिळतात. इथे पायऱ्या कुणी बघत नाही.

पुढचंही बघून ठेवा. सीए फायनलला पोर्टफोलिओच्या (गुंतवणुकींच्या संचाच्या) प्रश्नांत एसडी, सहसंबंध आणि त्यांवरून निघणारा बीटा (बाजाराबरोबर शेअर किती हलतो त्याचं माप) भेटतात. सीएमए फायनलच्या कॉस्ट मॅनेजमेंटमध्ये लिनियर प्रोग्रॅमिंग, असाइनमेंट, सिम्युलेशन अशी निर्णय घ्यायची गणिती तंत्रं येतात. आकड्यांशी ज्याचं जमतं त्याला माझ्या मते सीएमएची वाट जास्त मानवते. हात चपळ, डोकं थंड आणि मॅथ्स बरं असेल तर सीए. स्टॅट्स मुळातच नकोसं असेल तर सीएमए 'सोपी' म्हणून घेऊ नका, तिथे 60 गुण त्याचेच आहेत.

परीक्षा सीए फाउंडेशनची 2024पासून वर्षातून तीनदा होते, सीएमएची जून आणि डिसेंबरला. सोबत बी.कॉम. करणार असाल तर तारखा भिडू नयेत म्हणून सेमिस्टर परीक्षा कधी येते ते कॉलेजात आधी विचारून घ्या.

फी भरण्याआधी दोन्ही संस्थांच्या साइटवरचे जुने किंवा सरावाचे पेपर उतरवा, घड्याळ लावून सोडवा आणि सीएच्या पेपरात पाव-पाव गुण खरोखर कापा. कॅल्क्युलेटर साधाच घ्या. सीएला सहा क्रिया, 12 अंक आणि दोन मेमरीपर्यंतचाच चालतो. त्यावर वर्गमूळ पटापट काढायची सवय आत्तापासून लावा.