हजार वर्षांचं राज्य: कोणतं मत धरावं?

3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळानं श्रीवर्धन-दिवेआगरकडच्या पोफळी आडव्या केल्या. घरांचे पत्रे उडाले, आणि आमच्या ख्रिस्ती घरांतून एकच प्रश्न निघाला: हीच का शेवटच्या काळाची लक्षणं? कॅथलिक शेजारी एक सांगत, फेलोशिपला, म्हणजे स्वतंत्र प्रॉटेस्टंट प्रार्थनासभांना, जाणारे दुसरंच. तो प्रश्न अजून मनात घेऊन बसलेल्यांसाठी हे लिहितो आहे.

वादाचं मूळ बायबलच्या शेवटच्या पुस्तकात, प्रकटीकरणाच्या 20 व्या अध्यायात आहे. तिथे सैतान हजार वर्षं बांधला जातो आणि प्रभू येशूसाठी जीव दिलेले ख्रिस्ताबरोबर राज्य करतात. ही वर्षं प्रभूच्या पुन्हा येण्यानंतरची की आधीची? प्रभू येणार, मेलेले उठणार, न्याय होणार, यावर मात्र कुणाचंच दुमत नाही.

येणं आधी आणि राज्य नंतर, हे सगळ्यात जुनं मत. दुसऱ्या शतकातले ख्रिस्ती शिक्षक जस्टिन आणि इरेनेयस हेच मानत. 19 व्या अध्यायात प्रभू येतो, 20 व्यात राज्य करतो. वाचन सरळ आहे. याच झाडाला 1830 च्या दशकात जॉन डार्बी या धर्मोपदेशकानं नवी फांदी फोडली: शेवटच्या काळातल्या सात वर्षांच्या महासंकटाआधीच मंडळी, म्हणजे सगळे विश्वासणारे, गुपचूप वर स्वर्गात उचलले जाणार. 1909 च्या स्कोफील्ड बायबल या टिपांसह छापलेल्या आवृत्तीतून ते दूरवर पोचलं, आणि आज फेलोशिपमध्ये ‘रॅप्चर’ म्हणतात ते हेच. या मतात इस्राएलला वेगळं स्थान आहे, म्हणून 1948 ला ते राष्ट्र उभं राहिल्यावर त्याला मोठा जोर आला. अलिबाग-नवगावकडची बेने इस्रायली, म्हणजे कोकणातली ज्यू, कुटुंबं तिकडे गेलेली आपण पाहिली-ऐकली आहेत, त्यामुळे कोकणात हे बोलणं चटकन पटतं. पण याला आधार म्हणून दाखवतात तो पौलाच्या पत्रातला अध्याय, 1 थेस्सलनीकाकरांस 4, नीट वाचा. तिथे आज्ञेचा घोष आहे, आद्यदूताची वाणी आहे, तुतारी आहे. सात वर्षांचा उल्लेख नाही आणि गुपचूप काहीच नाही. रॅप्चरचा हा पाया मला कच्चा वाटतो.

दुसरं मत प्राचीन मंडळीतल्या बिशप ऑगस्टीनचं: हजार वर्षं म्हणजे आत्ताचा मंडळीचा काळ, आणि ख्रिस्त स्वर्गातून आजच राज्य करतो आहे. कॅथलिक शिकवण याच बाजूची. 1944 मध्ये रोमनं स्पष्ट केलं की पृथ्वीवरच्या दृश्य राज्याचं सौम्य रूपही निर्धोकपणे शिकवता येत नाही. लूथरन आणि रिफॉर्म्ड या प्रॉटेस्टंट परंपराही बहुतांशी इकडेच झुकते.

तिसरं मत असं की सुवार्तेनं जग हळूहळू बदलेल, आणि त्या सुवर्णकाळानंतर प्रभू येईल. अठराव्या-एकोणिसाव्या शतकातल्या मिशनांच्या उत्साहात ते फुललं. पहिल्या महायुद्धानंतर मानणारे खूप कमी झाले.

मी ऑगस्टीनच्या बाजूचा आहे. प्रकटीकरणातले आकडे एरवी आपण प्रतीक म्हणूनच वाचतो, आणि योहान 5:28-29 मध्ये कबरेतले सगळे एकाच घटकेला प्रभूची वाणी ऐकतात, म्हणजे मेलेल्यांचं उठणं एकदाच, मध्ये हजार वर्षांचं अंतर नाही. पण माझ्या मताची अडचणही खरी आहे. प्रकटीकरण 20:4-5 मध्ये ‘जिवंत झाले’ हे दोनदा येतं. पहिल्यांदा आत्मिक आणि लगेच दुसऱ्यांदा शारीरिक अर्थ घ्यायचा, हे मलाही सोपं जात नाही. तिथे इरेनेयसची बाजू भक्कम आहे, आणि ती धरणाऱ्याला मी चुकीचा म्हणणार नाही.

तुम्हाला ठरवायचं असेल तर 19 आणि 20 हे अध्याय एका बैठकीत वाचा, मग योहान 5. 20 व्या अध्यायातलं ‘पहिलं पुनरुत्थान’ म्हणजे काय, हे आपल्या पाळकांना किंवा फादरना थेट विचारा. निव्वळ या मुद्द्यावर मंडळी सोडू नका. तारीख सांगणारा मात्र कोणत्याही मताचा असो, त्याचं ऐकू नका. अमेरिकन प्रचारक विल्यम मिलरच्या अनुयायांनी प्रभू येणार म्हणून 22 ऑक्टोबर 1844 ची वाट पाहिली, काहींनी त्या वर्षी शेतातली पिकंही काढली नाहीत. ‘तो दिवस आणि ती घटका कोणालाच ठाऊक नाही’ हे मत्तय 24:36 त्यांच्याही बायबलात होतंच.