चार फुटी फिश टँकसाठी ऑर्डरने बनवलेला संप, नागपूरचा उन्हाळा काढल्यावरचा रिव्ह्यू

मोठ्या फिश टँकला कॅनिस्टर (बाहेर ठेवायचा बंद डब्याचा फिल्टर) लावायचा की संप (टँकखाली ठेवायची फिल्टरची टाकी, वरचं पाणी तिच्यात उतरतं आणि पंप ते परत वर चढवतो), असा विचार करून राहिले असाल तर हे वाचा. माझा टँक ४ × १.५ × १.५ फूट, म्हणजे काठोकाठ २५५ लिटर, आत दोन ऑस्कर मासे, आणि ऑस्कर किती घाण करतात ते पाळणाऱ्यालाच माहीत. संप ३० × १२ × १५ इंचाचा, इतवारीतल्या एका काचवाल्या भाऊंनी बनवून दिला, पाणी खाली उतरायला टँकला होलही त्यांनीच मारलं.

भाऊंचं काम आवडायचं मोठं कारण म्हणजे माप घ्यायच्या आधीच त्यांनी विचारलं, "लाइन गेली की वरचं किती पाणी खाली येईल, काढलं का?" बाकी दुकानांत हे कोणी विचारलंच नाही, सगळे मीडिया (फिल्टरमध्ये भरायचं स्पंज, रिंग वगैरे सामान) विकून राहिले होते. पंप बंद पडला की वरचं पाणी ओव्हरफ्लोच्या, म्हणजे ते जिथून खाली उतरतं त्या लेव्हलपर्यंत खाली येतं, रिटर्न पाइपचं (पंपाचं पाणी टँकमध्ये परत नेणाऱ्या पाइपचं) तोंड जास्त बुडलेलं असेल तर तिथूनही उलटं येतं. माझ्या टँकमधलं एक इंच पाणी म्हणजे १४ लिटर. म्हणून संप ९ इंचांवर चालतो आणि वरचे ६ इंच रिकामे, त्यात ३५ लिटर मावतं. रिटर्न पाइपला पाण्याच्या लेव्हलच्या जरा खाली एक बारीक भोक आहे, तिथून हवा शिरली की उलटं येणं थांबतं, फक्त त्यात शेवाळ धरू द्यायचं नाही. चेक व्हॉल्व्हवर (पाणी एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या झडपेवर) भरवसा ठेवूच नका, एक गोगलगाय अडकली तरी तो बंद होत नाही.

काठावर अडकवायचा सायफनवाला ओव्हरफ्लो बॉक्सही नकोच, लाइन येते-जाते तशात सायफन तुटला तर पंप वर पाणी ढकलत राहतो अन् हॉलभर पाणी. होलच मारून घ्या, पण काच टफन्ड नाही ना ते आधी बघा, टफन्ड काचेला ड्रिल लावलं की तिचा चुरा होतो.

संपाच्या आत आधी फिल्टर सॉक (घाण अडवणारी कापडी पिशवी), मग स्पंज, सिरॅमिक रिंग आणि शेवटी पंप. मधले पडदे काचेचेच घ्या, अ‍ॅक्रिलिकला सिलिकॉन नीट धरत नाही.

पंपाच्या डब्यावर ३००० लिटर लिहिलेलं असतं ते शून्य उंचीला, चार फूट चढवताना बरंच कमी होतं. मला तासाला टँकच्या पाचपट, म्हणजे १२७५ लिटर खरंच वर पोचायला हवं होतं म्हणून एवढा मोठा घेतला. डीसी पंप महाग पडला पण वीज कमी खातो आणि पाणी कमी तापवतो.

आणि पाणी तापणं हाच आपल्याकडचा खरा प्रश्न आहे. २५ अंशाला पाण्यात लिटरमागे साधारण ८.२ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३२ ला ७.३ च्या आसपास, आणि नवतपात (मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत) तर खोलीच भट्टी होते. संपवर छोटा फॅन लावला की दोन-तीन अंश उतरतात, वरून पडणाऱ्या पाण्यात हवाही मिसळते. बाष्पीभवन भरपूर होतं पण वरची लेव्हल हलत नाही, फक्त पंपाच्या कप्प्यात पाणी उतरतं, तिथे मार्करने रेघ मारून ठेवली आहे. बोअरवाल्यांनी नुसती भर घालत राहू नये, पाणी उडतं, क्षार तिथेच साचतात, त्यामुळे पाणी बदलावंच लागतं. नळाचं असेल तर क्लोरीन काढून टाका.

तक्रारी आहेत. डिलिव्हरी सांगितल्यापेक्षा बरीच उशिरा, सिलिकॉनची फिनिशिंग ओबडधोबड, आणि सुरुवातीला ड्रेनमधून (पाणी खाली आणणाऱ्या पाइपमधून) इतका गुडगुड आवाज की झोप येईना. वर टी (T आकाराचा पाइपचा जोड) लावून तिच्या झाकणाला बारीक भोक पाडलं तेव्हा शांत झाला. सॉक दर तीन-चार दिवसांनी धुवावाच लागतो, नाही तर त्याच्यावरून घाण पुढे जाते.

मोठे, घाण करणारे मासे असतील तर डोळे झाकून संपच करा. दोन फुटी टँकवाल्यांनी मात्र एवढा खर्च करू नये, तिथे हँग-ऑन (काठावर अडकवायचा छोटा फिल्टर) पुरतो.