'होल्स्टर ग्रेड केडेक्स': दहा शीट, दीड किलो

ऑक्टोबर छाटणीच्या तोंडावर द्राक्षाच्या कात्रीची म्यानं घरीच करायची म्हणून सोशल मीडियावरच्या एका विक्रेत्याकडून दहा शीट मागवल्या. एक फूट बाय एक फूट, दोन मिलिमीटर जाड, काळ्या. जाहिरातीतले शब्द होते 'होल्स्टर ग्रेड केडेक्स', म्हणजे पिस्तुलाची होल्स्टर (कमरेची म्यानं) ज्याची करतात तोच माल: तापवलं की हवा तो आकार घेणारं कडक प्लॅस्टिक. आधी दोन इंचाचा नमुना आला. तापवला, वाकवला, जाळून पाहिला, बरोबर निघाला. मग ४,२०० रुपये यूपीआयने आगाऊ गेले आणि पार्सलमधून निघालं पॉलिस्टायरीन हे स्वस्त, ठिसूळ प्लॅस्टिक, तेही १.६ मिलिमीटर. विक्रेत्याचं उत्तर तयार होतं: "भाऊ, तुमचा ओव्हन जास्त तापला असेल." त्यानंतर नंबर ब्लॉक.

दोन इंचाचा खरा तुकडा पाठवायला त्याचं काहीच जात नाही. म्हणून नमुन्यावर विसंबू नये, आलेल्या मालातली एक शीट तपासावी. आणि तपासायला प्रयोगशाळा लागत नाही. जाडी मोजायचा व्हर्नियर, स्वयंपाकघरातला वजनकाटा आणि काडेपेटी एवढ्यावर भागतं.

केडेक्स (Kydex) हे ब्रँडचं नाव. ॲक्रिलिक आणि पीव्हीसी यांचं मिश्रण, १९६५ मध्ये अमेरिकेत रोम अँड हास कंपनीने विमानाच्या आतल्या भागांसाठी काढलेलं. घनता साधारण १.३५ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर. ही घनताच उपयोगी पडते. साडेतीस सेंटिमीटर बाजूच्या चौरस शीटचं क्षेत्रफळ ९३० चौरस सेंटिमीटर. दोन मिलिमीटर जाडी धरली तर आकारमान १८६ घन सेंटिमीटर. १.३५ ने गुणा, २५१ ग्रॅम. त्याच मापाची दुसऱ्या प्लॅस्टिकची शीट हलकी असते: एबीएस किंवा पॉलिस्टायरीनची १९५ च्या आसपास भरते, ॲक्रिलिक २२१, एचडीपीई १७७, आणि साइनबोर्डवाल्यांकडचा फोमचा सनबोर्ड जेमतेम शंभर. आमच्याकडे आलेली शीट १५६ ग्रॅम भरली.

पण नुसतं वजन करून थांबू नका. दीड मिलिमीटरची अस्सल केडेक्स शीट १८८ ग्रॅम भरते, म्हणजे दोन मिलिमीटरच्या एबीएसच्या जवळपास. जाडी न मोजता काट्यावर टाकली तर खरी खोटी वाटेल आणि खोटी खरी. आधी व्हर्नियर, चारही कोपऱ्यांवर, मग काटा. संरक्षक फिल्म चिकटवलेली असेल तर तिचं वजन नगण्य, पण जाडी मोजताना कोपऱ्यावरची फिल्म उचलून मोजा. इथेच दुसरा डाव असतो: 'फिल्म काढली तर माल परत घेणार नाही.' फिल्म काढल्याशिवाय तपासता येत नाही आणि काढली की परतावा नाही. ही अट पैसे देण्याआधी विचारून घ्या, आणि एका कोपऱ्यातली दोन सेंटिमीटरची पट्टी कापून तपासायची मुभा चॅटमध्ये लिहून घ्या. तयार झाला नाही तर सौदा सोडा.

पट्टी हातात आली की पकडीत धरून उघड्यावर, वाऱ्याकडे पाठ करून काडी लावा. केडेक्स आणि पीव्हीसी ज्योत बाजूला घेतली की विझतात. पॉलिस्टायरीन आणि एबीएस जळतच राहतात, वर काळ्या काजळीच्या तारा उडतात. पॉलिस्टायरीनला झेंडूसारखा गोडसर वास येतो. ॲक्रिलिक तडतडत जळतं. आणखी खात्री हवी असेल तर तांब्याची उघडी तार लाल होईपर्यंत तापवा, प्लॅस्टिकला टेकवा आणि पुन्हा ज्योतीत धरा. ज्योत हिरवी झाली तर क्लोरीन आहे, म्हणजे केडेक्स किंवा पीव्हीसी. हिरवी झाली नाही तर पुढे बोलायचं कारण नाही. या धुरात हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं, म्हणून नखाएवढाच तुकडा घ्या आणि हे घरात करू नका.

केडेक्स आणि साधं कडक पीव्हीसी मात्र या कसोट्यांनी वेगळं ओळखता येत नाही. घनता जवळजवळ सारखी, ज्योत हिरवीच, दोन्ही आपोआप विझतात. तिथे जीएसटी बिल मागायचं, ज्यावर उत्पादकाचं नाव आणि ग्रेड छापलेली असेल. 'बिल लागलं तर अठरा टक्के वेगळे' असं उत्तर आलं की समजायचं, बहुधा पीव्हीसीच आहे.

चुकीच्या शीटने नेमकं काय बिघडतं? केडेक्सला साधारण १६० ते १७० अंश लागतात. दोन मिलिमीटरची शीट ओटीजीमध्ये (विजेच्या छोट्या ओव्हनमध्ये) चार-सहा मिनिटांत ओल्या चामड्यासारखी लोंबते आणि तिच्या पृष्ठभागावरची खरखरीत नक्षी तशीच राहते. नक्षी चमकायला लागली तर जास्त तापली. पॉलिस्टायरीन शंभर अंशांच्या आसपासच मऊ पडतं. १६५ ला ते ओव्हनमधल्या तारेच्या जाळीतून खाली उतरतं, पाठीवर रेघा उमटतात, खोलगट भागात पातळ होतं. ओटीजीचा नॉब वीस अंश इकडेतिकडे दाखवतो हे खरं, म्हणून विक्रेत्याचं 'ओव्हन जास्त तापला' हे उत्तर पटतं. आत ओव्हन थर्मामीटर ठेवला आणि त्याच्या तबकडीचा फोटो काढला की ते उत्तर संपतं. त्या ओटीजीत पुन्हा केक, पाव काही भाजू नका. हे वाक्य बहुतेक व्हिडिओवाले गिळतात.

समजा, साचा कसाबसा निघाला. मग भोकं पाडून आयलेट (दोन थर जोडणाऱ्या धातूच्या पोकळ कड्या) ठोकताना खरी फजिती होते. पाव इंची भोकाभोवती चांदणीसारख्या चिरा जातात. त्यातूनही वाचलं तर बागेत जाऊन मरतं: बऱ्याच कीटकनाशकांत झायलीनसारखी द्रावकं असतात आणि पॉलिस्टायरीनला ती चालत नाहीत. ही कसोटीही घरी होते. पेट्रोलचा एक थेंब कोपऱ्यावर टाका, काडेपेटी लांब ठेवून. दोन मिनिटांत चिकट झालं तर ते पॉलिस्टायरीन.

आयलेटमध्येही फसवतात, रक्कम छोटी असल्याने कोणी बोलत नाही. 'पितळी' म्हणून लोखंडावर मुलामा दिलेली येतात. चुंबक लावा. साध्या वापरात लोखंडी चालतीलही, पण द्राक्षबागेत नाही. बोर्डो मिश्रण म्हणजे मोरचूद आणि चुना. मोरचूद लोखंडावर तांबूस थर चढवतं, म्हणून तर मिश्रण नीट झालं का ते विळ्याचं पातं बुडवून पाहतात. मुलामा खरवडला की तेच आयलेटचं होतं. लांबी ही दोन्ही थरांच्या एकूण जाडीपेक्षा दोन-अडीच मिलिमीटर जास्त हवी. दोन मिलिमीटरच्या दोन थरांना सहा ते साडेसहा. आखूड आली तर काठ वळत नाही, लांब आली तर फाटून वळते आणि बोट कापतं.

'प्रेस किट', म्हणजे तापलेली शीट कात्रीभोवती दाबायचा शिकंजा, विकत घेऊच नका. अठरा मिलिमीटर प्लायचे फूटभराचे दोन तुकडे, चार सी-क्लॅम्प आणि योगा मॅट दुमडून प्रत्येक बाजूला पाऊण-एक इंचाचा थर, एवढंच त्यात असतं. नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतीकडे भंगारात मिळणारा पांढरा पॅकिंग फोम मोहात पाडतो, पण तो पॉलिथिलीनचा. एकशे दहा अंशांच्या आसपास वितळून शीटला चिकटतो. थर्माकोलचं तर नावच नको. सोफ्याचा स्पंज टिकतो, पण इतका दबतो की कात्रीच्या कडा उमटत नाहीत. कात्री आधी बंद करून लॉक करायची, पात्यावर मास्किंग टेपचे दोन-तीन थर द्यायचे, स्प्रिंगची पोकळी लाकडाच्या काडीने भरायची. ती भरली नाही तर साचा स्प्रिंगमध्ये घट्ट अडकतो आणि म्यान कापूनच कात्री बाहेर काढावी लागते. कडेने आयलेटसाठी पंचवीस-तीस मिलिमीटर जागा सोडा. शिकंजा आवळल्यावर दहा-पंधरा मिनिटं हात लावू नका. खाली पाणी निघायला पाच मिलिमीटरचं एक भोक ठेवा, नाहीतर सकाळच्या दवाचं पाणी आत साचतं.

पैसे खरंच कमी असतील तर शीटच्या मागे लागण्याआधी शिवारात पडलेला ११० मिलिमीटरचा पीव्हीसी पाईप बघा. तीनशे मिलिमीटरचा तुकडा उभा चिरून, १२० ते १४० अंशांवर तापवून दोन प्लायमध्ये दाबला की सुमारे तीनशे चाळीस बाय तीनशेची सपाट शीट मिळते. भिंत दोन ते अडीच मिलिमीटरची निवडा. जाड पाईप वळत नाही. वर्षानुवर्षं उन्हात पडलेला, खडूसारखा पांढरट झालेला तुकडा घेऊ नका, आयलेट ठोकताना फुटतो. केडेक्सइतकी चिवट होत नाही. निफाडकडच्या डिसेंबरातल्या गारठ्यात कडेवर आपटली तर तडकूही शकते. पण फुकट आहे, आणि अनेक 'केडेक्स' विकणारे पैसे घेऊन हेच देतात.

फसल्यावर वेळ महत्त्वाचा. पैसे यूपीआयने गेले असतील तर आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन, ट्रान्झॅक्शन क्रमांक हातात ठेवून. जितका उशीर तितकी रक्कम पुढच्या खात्यांत पसरते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या मालाच्या तक्रारीला फी नाही, २०१९ च्या कायद्यानुसार तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यात दाखल करता येते, म्हणजे विक्रेता दिल्लीचा असला तरी नाशिकच्या जिल्हा आयोगात. मुदत दोन वर्षं. पुरावा मात्र पार्सल उघडतानाच तयार होतो. सलग व्हिडिओत पत्त्याचं लेबल, सील, काट्यावरची शीट आणि व्हर्नियरचा आकडा यायला हवा. नंतर काढलेले फोटो 'दुसऱ्याच शीटचे' म्हणून उडवले जातात.

खरं तर पार्सल उघडायचीही गरज नव्हती. दहा अस्सल शीट अडीच किलोच्या, वर पुठ्ठा धरला तर पावणेतीन. कुरिअरच्या चिठ्ठीवर छापलं होतं १.८ किलो. दारात असतानाच नाकारता आलं असतं.

त्या दहापैकी दोन शीट ओव्हनमध्ये गेल्या. उरलेल्या आठ, कागदी नमुन्यांच्या जागी, आखणीसाठी बऱ्या पडतात. कटरने एक रेघ ओढून वाकवलं की सरळ तुटतात.