आयपीएमआयटूलचा मजकुरी कन्सोल : सहा वर्षांच्या वापरानंतरचे मत

मी साताऱ्यात राहतो आणि ज्या चार सर्व्हरची जबाबदारी माझ्याकडे आहे ते नवी मुंबईतल्या एका डेटा सेंटरमध्ये, भाड्याच्या रॅकमध्ये आहेत. एरवीचे सगळे काम एसएसएचने, म्हणजे नेटवर्कवरून दूरच्या यंत्रात शिरून आज्ञा देण्याच्या सोयीने, होते. पण एसएसएच ही सर्व्हर धडधाकट असतानाची सोय आहे. कर्नल, म्हणजे कार्यप्रणालीचा गाभा, सुरूच झाला नाही, नेटवर्कची मांडणी चुकली किंवा फायरवॉलच्या एका ओळीने आपल्यालाच बाहेर ठेवले, की ती सोय संपते आणि खंबाटकी व बोरघाट ओलांडून प्रत्यक्ष रॅकपुढे उभे राहणे एवढाच मार्ग उरतो. तो प्रवास टळावा म्हणून मी गेली सहा वर्षे आयपीएमआयटूल हे मोफत, मुक्त स्रोत साधन वापरत आलो आहे. त्यातल्या सोल, म्हणजे सीरियल ओव्हर लॅन, या सुविधेचे हे परीक्षण आहे.

आधी ती चालते कशी ते सांगणे आवश्यक आहे, कारण तिचे गुण आणि दोष दोन्ही त्या रचनेतूनच आले आहेत. सर्व्हरच्या मदरबोर्डवर बीएमसी नावाचा एक स्वतंत्र छोटा संगणक असतो. मुख्य यंत्र बंद असले तरी वीजजोडणी आहे तोवर तो जागा असतो, आणि त्याच्याशी बोलण्याचे आयपीएमआय हे मानक इंटेल, डेल, एचपी आणि एनईसी यांनी मिळून १९९८ मध्ये आणले. २००४ मध्ये त्याची दुसरी आवृत्ती आली आणि तिच्यात सीरियल ओव्हर लॅनचा समावेश झाला. सर्व्हर आपल्या सीरियल पोर्टवर, म्हणजे अक्षरे एकामागून एक पाठवणाऱ्या जुन्या धाटणीच्या जोडणीवर, जी अक्षरे पाठवतो ती बीएमसी उचलतो, नेटवर्कवर यूडीपीच्या ६२३ क्रमांकाच्या पोर्टवरून आपल्यापर्यंत पोहोचवतो आणि आपण दाबलेली प्रत्येक कळ उलट दिशेने नेतो. मुख्य कार्यप्रणालीला या वाहतुकीचा पत्ताही नसतो. म्हणूनच यंत्र सुरू होताच चालणाऱ्या बायोसची पहिली ओळ, त्यानंतर कर्नल चढवणाऱ्या ग्रबचा मेनू आणि कर्नल कोसळतानाचा शेवटचा मजकूर हे तिन्ही घरबसल्या दिसतात.

मागच्या पावसाळ्यातला एक प्रसंग सांगतो. माझ्या सांगण्यावरून डेटा सेंटरच्या माणसाने दुपारी एका सर्व्हरमधली बॅकअपची जुनी डिस्क काढली होती. रात्री साडेअकराच्या सुमारास मी कर्नलच्या अद्ययावतीकरणासाठी तो सर्व्हर पुन्हा सुरू केला आणि तो परत आलाच नाही; पिंगला उत्तर नाही, एसएसएच नाही. मी सोलचे सत्र उघडले, दुसऱ्या खिडकीतून आयपीएमआयटूलनेच वीज बंद-चालू करण्याची आज्ञा दिली आणि पाहत बसलो. बायोसची तपासणी झाली, ग्रब आला, कर्नलच्या ओळी सरकल्या, आणि मग एका ओळीवर सगळे थांबले. एका डिस्कची वाट पाहणे चालू होते आणि शेजारी सेकंद मोजले जात होते, दीड मिनिटाच्या मर्यादेपर्यंत. ती काढून टाकलेली डिस्क होती. सुरू होताना कोणत्या डिस्क जोडायच्या याची यादी असलेल्या एफएसटॅब या फाइलमधून तिची नोंद काढायची मी विसरलो होतो, आणि तेवढ्यासाठी सिस्टमडीने, म्हणजे लिनक्समधल्या सेवा सुरू करणाऱ्या प्रोग्रामने, यंत्र आणीबाणीच्या स्थितीत नेऊन ठेवले होते, जिथे एसएसएच सुरूच होत नाही.

त्यातही अडचण अशी की त्या यंत्रावर रूटचे, म्हणजे सर्वाधिकारी वापरकर्त्याचे, खाते कुलूपबंद होते, त्यामुळे आणीबाणीच्या शेलमध्येही, म्हणजे आज्ञा टाइप करण्याच्या जागेतही, शिरता आले नाही. शेवटी वीज पुन्हा बंद-चालू केली, ग्रबच्या मेनूवर ई दाबून कर्नलच्या ओळीच्या अखेरीस इनिट म्हणून, म्हणजे सर्वांत आधी चालणारा प्रोग्राम म्हणून, थेट बॅश हे शेल द्यायला सांगितले, मूळ फाइलप्रणाली लिहिण्यायोग्य केली, एफएसटॅबमधली ती एक ओळ टिप्पणीत टाकली, सिंक करून बदल डिस्कवर उतरवले आणि यंत्र पुन्हा सुरू केले. बारा वाजायच्या आत सर्व्हर सेवेत होता. हे सगळे मी मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून केले, कारण त्या पावसात घरचे ब्रॉडबँड बंद पडले होते.

मजकुरी कन्सोलचे खरे मोल इथे कळते. सीरियल पोर्टचा नेहमीचा वेग १,१५,२०० बॉड, म्हणजे सेकंदाला तितके बिट, असतो. प्रत्येक अक्षरामागे सुरुवातीचा आणि शेवटचा बिट धरून १० बिट लागतात, म्हणजे सेकंदाला ११,५२० अक्षरे. ८० बाय २४ च्या पडद्यावर १,९२० अक्षरे मावतात, म्हणजे अख्खा पडदा सेकंदाच्या साधारण सहाव्या भागात भरतो. याहून अधिक वहनक्षमतेची गरजच पडत नाही. ब्राउझरमधला ग्राफिकल कन्सोल पडद्याचे चित्र पाठवतो आणि अशक्त जोडणीवर तो अडखळतो. कळ दाबल्यावर अक्षर उमटायला इतका वेळ लागतो की ग्रबच्या पाच सेकंदांच्या मुदतीत मेनू पकडणे अशक्य होते. दुसरा लाभ असा की हा मजकूर असल्यामुळे तो साठवता येतो, त्यात शोध घेता येतो आणि जसाच्या तसा सहकाऱ्याला पाठवता येतो. कर्नल पॅनिकचा, म्हणजे कर्नल कोसळतानाचा, पडद्याचा फोटो आणि त्याच पॅनिकची संपूर्ण नोंद यांत किती फरक असतो हे ज्याने दोन्हींवरून दोष शोधला आहे त्याला सांगायला नको.

मात्र ही सुविधा आयती मिळत नाही, आणि माझी सर्वांत मोठी तक्रार हीच आहे. बायोसमध्ये कन्सोल रिडायरेक्शन, म्हणजे पडद्यावरचा मजकूर सीरियल पोर्टकडे वळवणे, चालू करावे लागते, ग्रबला सीरियल टर्मिनल वापरायला सांगावे लागते आणि कर्नलच्या ओळीत सीरियल पोर्टचे नाव व वेग द्यावा लागतो. तिन्ही ठिकाणी वेग एकच नसेल तर पडद्यावर अर्थहीन चिन्हांचा सडा पडतो. कर्नलच्या ओळीत एकाहून अधिक कन्सोल दिले असतील तर संदेश सगळ्यांवर जातात, परंतु शेवटी लिहिलेला कन्सोल मुख्य ठरतो आणि बॅशचा प्रॉम्प्ट त्याच्यावरच येतो. माझ्या चारही सर्व्हरवर सीरियलचे नाव शेवटी होते म्हणूनच त्या रात्री मला प्रॉम्प्ट दिसला. क्रम उलटा असता तर तो नवी मुंबईतल्या बंद मॉनिटरवर उमटला असता. ही जुळवणी सर्व्हर रॅकमध्ये चढवण्यापूर्वीच करून, मुद्दाम एकदा यंत्र पुन्हा सुरू करून तपासून घेतली पाहिजे. सर्व्हर बंद पडल्यावर ती करायला बसणे म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणे आहे.

वापरतानाचे काही काटे लहान आहेत, पण टोचतात. सत्र सोडण्यासाठी नव्या ओळीवर टिल्ड (~) आणि त्यापुढे टिंब द्यायचे असते, आणि एसएसएचमध्येही जोडणी तोडण्याची खूण नेमकी हीच आहे. मधल्या एखाद्या यंत्रात एसएसएचने शिरून तिथून सोल चालवले असेल, तर ही खूण देताच सोल सुटत नाही, आपले एसएसएच तुटते. मागे राहिलेले सत्र मग बीएमसीच्या लेखी अजून चालूच असते आणि नवे सत्र उघडू पाहिले की जोडणी दुसरीकडे वापरात असल्याचे उत्तर येते. ते आधी सोडवण्याची वेगळी आज्ञा द्यावी लागते. अशा वेळी टिल्ड दोनदा द्यावी, किंवा आयपीएमआयटूलला सुरुवातीलाच दुसरे चिन्ह सांगावे. मी अँड (&) हे चिन्ह ठरवून टाकले आहे. सत्र उघडल्यावर पडदा कोराच असतो, कारण आधीचा मजकूर सोल राखून ठेवत नाही. नवखा माणूस जोडणी झालीच नाही असे समजतो, तेव्हा एकदा एंटर दाबून पाहावे.

सुरक्षिततेच्या बाबतीत मात्र मी कोणालाही सूट देणार नाही. आयपीएमआयच्या दुसऱ्या आवृत्तीतल्या ओळख पटवण्याच्या पद्धतीत एक मूलभूत दोष आहे. समोरच्याची ओळख पटण्यापूर्वीच बीएमसी त्याला पासवर्डवरून गणिताने काढलेली खूण, म्हणजे हॅश, देऊन टाकतो, आणि मग तो पासवर्ड आपल्या यंत्रावर निवांत शोधत बसता येतो. हा दोष मानकातच असल्यामुळे फर्मवेअर, म्हणजे बीएमसीतला प्रोग्राम, बदलून तो जात नाही. त्यात पासवर्डची मर्यादा २० अक्षरांची. सुरक्षा संशोधक डॅन फार्मर यांनी २०१३ मध्ये आयपीएमआयच्या धोक्यांवर तपशीलवार लिहिले आणि त्याच वर्षीच्या जुलैमध्ये सायबर सुरक्षेचे काम पाहणाऱ्या अमेरिकेच्या सीईआरटीनेही इशारा दिला. त्याला इतकी वर्षे लोटली तरी बीएमसीचे पोर्ट थेट इंटरनेटवर उघडे ठेवलेले सर्व्हर मी आजही पाहतो, आणि प्रत्येक वेळी अस्वस्थ होतो. ज्याच्या हाती बीएमसी, त्याच्या हाती सर्व्हर. व्यवस्थापनाचे नेटवर्क वेगळे असावे, तिथे फक्त व्हीपीएनमधून जाता यावे, कारखान्यातून आलेला पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलावा आणि पूर्ण २० अक्षरांचा, यादृच्छिक ठेवावा. आयपीएमआयटूलला तो आज्ञेच्या ओळीत देऊ नये, कारण तो शेलच्या इतिहासात राहतो. पर्यावरण चलातून (एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल) वाचून घेण्याची सोय त्यात आहे, ती वापरावी.

खर्चाचे थोडक्यात सांगतो. आयपीएमआयटूल फुकट आहे आणि मी वापरलेल्या सर्व यंत्रांवर सोलसाठी वेगळा परवाना लागला नाही, तर ग्राफिकल कन्सोलसाठी, उदाहरणार्थ आयड्रॅक या डेलच्या बीएमसीमध्ये, सहसा वरचा परवाना घ्यावा लागतो. तरीही नवी कार्यप्रणाली दूरवरून आयएसओ, म्हणजे तिच्या डिस्कची प्रतिमा-फाइल, जोडून बसवायची असेल तर सोल अपुरे पडते, तिथे तो परवाना उपयोगी येतो. ज्यांचे सर्व्हर क्लाउडवर आहेत त्यांना बीएमसीला हात लावता येत नाही. त्यांच्यासाठी लिनोड या क्लाउड सेवेचा लिश हा कन्सोल किंवा अ‍ॅमेझॉनने २०२१ मध्ये आणलेला ईसी२ सीरियल कन्सोल आहे. पण कर्नलच्या ओळीत सीरियल कन्सोल लिहिलेला असण्याची गरज तिथेही तशीच आहे.

आता नव्या मानकाविषयी. डीएमटीएफ या मानके ठरवणाऱ्या संस्थेचे रेडफिश हे सर्व्हर व्यवस्थापनाचे मानक २०१५ पासून आहे, ते एचटीटीपीएसवर चालते आणि वीज, तापमान, फर्मवेअर यांसाठी मी हळूहळू तिकडे वळलो आहे. कन्सोलसाठी मात्र मी अजून आयपीएमआयटूलच उघडतो. पुढच्या महिन्यात पाचवा सर्व्हर येतो आहे. तो नवी मुंबईला जाण्याआधी दोन दिवस माझ्या टेबलावर असेल आणि त्याच्या एफएसटॅबमधल्या प्रत्येक जादा डिस्कच्या ओळीत नोफेल हा, डिस्क सापडली नाही तरी यंत्र अडू न देणारा, पर्याय लिहिलेला असेल.