खिशातला डीएमआर हॉटस्पॉट: तयार घ्यावा, की घरी जोडावा?

हॅम म्हणजे हौशी रेडिओचा परवाना मिळाला, व्हीयू3 ने सुरू होणारा कॉलसाइन (रेडिओवरची आपली ओळख) आला, डीएमआर या डिजिटल पद्धतीचा हँडसेटही हातात पडला. आता हॉटस्पॉट कुठला? बेळगाव, खानापूर, निपाणीकडचे नवे हॅम मित्र हे हमखास विचारतात. इथे हॉटस्पॉट म्हणजे मोबाइलचा नव्हे. आपल्या हँडसेटचा आवाज जवळूनच पकडून इंटरनेटवरून ब्रँडमाइस्टरसारख्या डीएमआरच्या जागतिक नेटवर्कला पोचवणारी ही छोटी डबी. ताकद साधारण 10 मिलीवॉट, म्हणजे घर आणि अंगण.

माझं मत आधीच सांगतो: रास्पबेरी पाय झिरो 2 डब्ल्यू हा चिमुकला संगणक, त्यावर बसणारी एका अँटेनाची सिम्प्लेक्स (पाठवणं आणि ऐकणं एकाच फ्रिक्वेन्सीवर, आळीपाळीने) एमएमडीव्हीएम हॅट, म्हणजे रेडिओची पट्टी, आणि मेमरी कार्डात पाय-स्टार हे हॉटस्पॉटचं सॉफ्टवेअर. आपल्या भागात फिरणाऱ्याला एवढं पुरतं.

दोन अँटेनांच्या डुप्लेक्स (पाठवणं आणि ऐकणं एकाच वेळी) हॅटचा मोह मलाही झाला होता. डीएमआरचे दोन्ही टाइमस्लॉट (एकाच फ्रिक्वेन्सीवरच्या दोन वाटा) एकाच वेळी चालतात आणि समोरचा बोलत असतानाही हँडसेटवरून टॉकग्रुप, म्हणजे नेटवर्कवरचा गप्पांचा गट, बदलता येतो. सिम्प्लेक्समध्ये त्याचं बोलणं संपेपर्यंत थांबावं लागतं. पण डुप्लेक्सला पाठवायची आणि ऐकायची फ्रिक्वेन्सी वेगळी लागते, आणि अँटेना बोटभर अंतरावर असल्याने त्या दोन्हींमध्ये जितकी फारकत तितकं बरं. आपल्याकडे हौशी रेडिओला यूएचएफवर 434 ते 438 मेगाहर्ट्झ एवढाच पट्टा आहे. त्यातला 435 ते 438 उपग्रहांचा. तिथे आपला हॉटस्पॉट नको, कारण उपग्रहाचा क्षीण सिग्नल ऐकणाऱ्याला आपली छोटी डबीही त्रास देऊ शकते. उरला जेमतेम एक मेगाहर्ट्झ. त्यात सिम्प्लेक्सची एक फ्रिक्वेन्सी आरामात बसते, डुप्लेक्सची जोडी दाटीवाटीने. घरी टेबलावर कायमचा ठेवणार असाल आणि दोन टॉकग्रुप सोबत ऐकायचे असतील, तरच डुप्लेक्स घ्या.

तयार मालात एस्टोनियाच्या शार्कआरएफचा ओपनस्पॉट 4 खरोखर सुबक आहे. बॅटरी आतच, फोनच्या ब्राउझरवरून मांडणी, सोल्डरिंग नाही. ज्यांना जोडाजोडीत रस नाही त्यांनी खुशाल तो घ्यावा. पण खर्च जास्त, वर आयात आणि कस्टमचे सोपस्कार, आणि बिघडला तर इथे उघडणार कोण? पायवाल्या डबीत काही बिघडलं तर बहुतेक वेळा मेमरी कार्ड नव्याने लिहिलं की काम होतं. हॅट गेली तर तेवढीच बदलायची.

घरी जोडताना दोन ठिकाणी वेळ जातो. पहिलं, 40 पिनांचं हेडर. सोल्डरिंगची सवय नसेल तर हेडर लावलेला पायच मागवा. दुसरं, ऑफसेट, म्हणजे हॅटच्या फ्रिक्वेन्सीतला बारीक फरक भरून काढणारा आकडा. माझा हॉटस्पॉट सुरू झाला, नेटवर्कला जोडला गेला, पण 404 या भारताच्या टॉकग्रुपवर सगळे म्हणायचे, ‘आवाज तुटतोय.’ पाय-स्टारच्या डॅशबोर्डवर बीईआर (चुकीच्या पोचलेल्या बिटांचं प्रमाण) 4 टक्क्यांच्या वर. आरएक्स (ऐकण्याचा) ऑफसेट पन्नास-पन्नास हर्ट्झने सरकवत, दर वेळी हँडसेटचं बोलायचं बटण (पीटीटी) दाबून पाच सेकंद बोलत, बीईआर 1 टक्क्याच्या खाली आणला तेव्हा कुठे आवाज स्वच्छ झाला. एक संध्याकाळ गेली, पण ती वाया गेली नाही.

पाय झिरो 2 डब्ल्यूचा वायफाय फक्त 2.4 गिगाहर्ट्झवर चालतो. नेट देणाऱ्या फोनचा वायफाय 5 गिगाहर्ट्झवर असेल तर पायला तो दिसतच नाही. जांबोटीत गाडी थांबवून मी अर्धा तास याच घोळात काढला. डेटाची चिंता नको: सलग तासभर संभाषण चाललं तरी माझ्या हिशोबाने साधारण 5 एमबी. वीज पॉवर बँकेवरून घ्या. पाय-स्टार कार्डावर सतत लिहीत नाही, त्यामुळे अचानक लाईट गेली किंवा वायर सुटली तरी कार्ड सहसा खराब होत नाही.

फोनवरचा एकोलिंक, म्हणजे हॅम मंडळींशी इंटरनेटवरून बोलायचं अ‍ॅप, हा स्वस्तातला पर्याय. हँडसेटही लागत नाही. ऐकायला, ओळखी करायला ठीक, पण त्यात रेडिओ हाताळण्याचा सराव होत नाही. म्हणून हॉटस्पॉटऐवजी तो मी सुचवणार नाही.

एक गोष्ट मात्र कुठलाही हॉटस्पॉट देत नाही. कणकुंबीकडे रेंज गेली की डबी मुकी. ऑगस्ट 2019 च्या महापुरात जिल्ह्यात जी अवस्था झाली, तशा वेळी टॉवर बंद पडले तर टॉकग्रुपचा काडीचा उपयोग नाही. हँडसेट निवडताना त्यात 2 मीटरचा बँड (हॅमचा व्हीएचएफ पट्टा) आणि डिजिटल नसलेला साधा एफएमही असू द्या. खानापूरच्या मित्राशी थेट हँडसेट ते हँडसेट बोलायला ठरवलेली सिम्प्लेक्स फ्रिक्वेन्सी मी मेमरीच्या पहिल्या चॅनेलवर ठेवली आहे. हॉटस्पॉटचा नंबर दुसरा.