कागलच्या फ्रोझन गोदामातलं कंट्रोल-सॉफ्टवेअर रेट्रोफिट: काम चोख, ताबा अर्धवट

कागल-हातकणंगले पंचतारांकित एमआयडीसीतल्या एका फ्रोझन गोदामात उणे 24 अंशांवर चार स्टॅकर क्रेन चालतात, म्हणजे रॅकांच्या मधल्या गल्लीत रुळावर धावून मालाचे पॅलेट (फळ्यांचे पाट) ठेवणाऱ्या-काढणाऱ्या क्रेन; प्रत्येक गल्लीत एक. त्यांचं कंट्रोल आणि सॉफ्टवेअर बदलून देणाऱ्या कंपनीच्या सेवेबद्दल हे लिहितोय. रॅक, रूळ, क्रेनचे खांब आणि मोटारी जुन्याच ठेवल्या; पीएलसी (क्रेन चालवणारा औद्योगिक संगणक), ड्राइव्ह (मोटारीचा वेग सांभाळणारं यंत्र), सेन्सर, सर्व्हर आणि गोदामाचं सॉफ्टवेअर नवं.

ही विभागणी अगदी योग्य. क्रेनचं चाक झिजलं किंवा शाफ्ट गेला तर कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या कारखान्यांत तो करून मिळतो. पीएलसीचं कार्ड तिथं कुणी बनवून देत नाही. जुन्या पीएलसीची एस7-300 मालिका सीमेन्सने ऑक्टोबर 2023 पासून मोडीत काढायला घेतली. पुढच्या टप्प्यात फक्त सुट्या भागांची सोय, तीही मर्यादित वर्षं. जुना सर्व्हर विंडोज सर्व्हर 2008 वर होता, त्याचे नियमित सुरक्षा अपडेट जानेवारी 2020 मध्येच थांबले होते.

खरा कस लागला तो जुना प्रोग्रॅम एस7-1500 या नव्या पीएलसीवर नेताना. जुन्या प्रोग्रॅममध्ये फोटो सेन्सरचा सिग्नल पक्का धरायला दहा स्कॅन, म्हणजे प्रोग्रॅमच्या दहा फेऱ्या, मोजले जात. स्कॅन 20 मिलिसेकंदांचा, म्हणजे 200 मिलिसेकंदांची वाट. नवा सीपीयू तेच स्कॅन 3 मिलिसेकंदांत उरकतो. वाट उरते 30. मग पॅलेटवरच्या स्ट्रेच फिल्मचं एखादं फडफडणारं टोक किरणासमोर आलं तरी ‘माल बाहेर आलाय’ म्हणून क्रेन उभी! पहिल्या गल्लीत नेमकं हेच झालं. कंपनीच्या इंजिनिअरांनी सेन्सर बदलत न बसता कारण शोधलं, स्कॅन मोजणाऱ्या सगळ्या जागी टायमर टाकले आणि उरलेल्या तीन गल्ल्यांचा प्रोग्रॅम आधीच दुरुस्त केला. ऑफिसातल्या सिम्युलेशनमध्ये हा दोष दिसत नाही, कारण तिथं फिल्म फडफडत नाही.

क्रेनला प्रत्येक कप्प्याची नेमकी जागा शिकवण्याचं कामही त्यांनी पूर्ण गारठ्यात केलं. पोलाद दर मीटरला, दर अंशाला साधारण 12 मायक्रॉन आकसतं. 60 मीटरच्या रुळाला 50 अंशांचा फरक पडला, तर मोकळ्या रुळाच्या टोकाला 36 मिलिमीटर होतात. रूळ जमिनीला जखडलेला असल्याने प्रत्यक्षात कमी, पण क्रेनचे पॅलेट उचलणारे काटे पॅलेटच्या फळीवर आपटायला तेवढंही पुरतं. माणसं अर्ध्या-पाऊण तासाच्या पाळ्यांनी आत जात, म्हणून या कामाला वेळ लागला. तो लागणारच, घाई करणाऱ्याला हे काम देऊ नये.

क्रेनवरच्या पॅनेलच्या हीटरला त्यांनी वेगळी वीज दिली, हे विशेष आवडलं. मुख्य स्विच पाडला तरी हीटर चालू राहतो. तो बंद पडून पॅनेल गार झालं आणि मग दमट हवेत दार उघडलं, की कार्डांवर पाणी धरतं. पॅनेलच्या आतलं तापमान 5 अंशांच्या वर गेल्याशिवाय ड्राइव्हला वीज मिळणार नाही, असा इंटरलॉकही (आपोआप अडवणारी सोय) घातलाय. हलत्या भागातल्या केबलचं आवरण पीयूआरचं, म्हणजे थंडीतही लवचिक राहणाऱ्या पॉलियुरेथेनचं. साधी पीव्हीसी या थंडीत कडक होऊन तडकते.

वीज जाण्याची चाचणी भरल्या क्रेनवर घेतली. काटे अर्धे रॅकमध्ये असताना मेन पाडला. वीज परतल्यावर क्रेन आपोआप हलली नाही. काट्यावर पॅलेट आहे का हे आधी तपासलं, मग ऑपरेटरची परवानगी मागितली. कोल्हापूरच्या पावसाळ्यात हे रोजच्या कामाचं.

बदल नोव्हेंबरात, एकेक गल्ली बंद ठेवून झाला. आइस्क्रीमचा हंगाम संपलेला, हवा कोरडी आणि मटार यायला अजून वेळ. पावसाळ्यात मालाची वर्दळ कमी असते खरी, पण दारं उघडली की स्कॅनरच्या काचेवर बर्फ धरतो. जुना पीएलसी जागेवरच ठेवला होता, त्यामुळे गडबड झाली तर परत फिरायची वाट मोकळी होती. प्रत्येक गल्लीत क्रेनने सगळे कप्पे स्कॅन केले: 1,500 कप्पे, कप्प्याला 40 सेकंद, म्हणजे जवळपास 17 तास. कागदावर असलेले पण रॅकमध्ये नसलेले पॅलेट तेव्हाच सापडले.

आता तक्रार, आणि ती साधी नाही. माल, बॅच, मुदत हे सगळं नव्या सॉफ्टवेअरमध्ये आलं. ‘होल्ड’ची खूण आली नाही. लॅबचा अहवाल येईपर्यंत थांबवलेले पॅलेट नव्या पडद्यावर विक्रीला मोकळे दिसू लागले. डॉकवरच्या सुपरवायझरने बॅच ओळखली म्हणून ते गाडीत चढले नाहीत. स्थलांतराच्या यादीत प्रत्येक रकाना दोन्ही बाजूंनी जुळवायला हवा होता, आणि हे काम कंपनीचंच होतं.

दुसरं म्हणजे प्रोग्रॅमचे काही ब्लॉक पासवर्डने बंद आहेत आणि मूळ फाइल दिलेली नाही. ‘आम्ही लांबून जोडून घेऊ’ हे उत्तर इथं चालत नाही. ऑगस्ट 2019 आणि जुलै 2021 च्या महापुरात शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली होता. अशा वेळी इंटरनेटही गेलं, तर आतला माल आत आणि पासवर्ड कंपनीकडे पुण्यात.

म्हणून ऑर्डर देताना शेवटचा हप्ता ताबा पूर्ण होईपर्यंत अडकवून ठेवा. गोदामाच्या माणसाने, त्यांच्या इंजिनिअरची मदत न घेता, रिकाम्या सीपीयूवर प्रोग्रॅम चढवून क्रेन चालवून दाखवायची. सर्व्हरचा बॅकअप दुसऱ्या मशिनवर उघडून होल्डचे पॅलेट मोजायचे. दोन्ही जमलं की मगच चेकवर सही.