जर्मन कीबोर्डची बटणं हलवून ‘इंडियन पीस’ म्हणून विकलेला लॅपटॉप

सेकंडहँड लॅपटॉप घ्यायला निघाला असाल तर पैसे मोजण्याआधी हे वाचा. माझे १९,००० रुपये गेले, तुमचे जाऊ नयेत.

मी घरून वकिलांचे दस्त टाइप करून देते. भाडेकरार, बक्षीसपत्रं, प्रतिज्ञापत्रं. सगळं मराठीत, इनस्क्रिप्ट या मराठी कीबोर्ड-मांडणीवर, बटणांकडे न बघता. जुना लॅपटॉप बंद पडला आणि हातात दोन दस्त अर्धवट होते, म्हणून घाईघाईने मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडच्या बाजारात गेले. एका दुकानात कंपन्यांच्या लॉटमधला रिफर्बिश्ड, म्हणजे वापरलेला आणि ठीकठाक करून पुन्हा विकायला काढलेला लॅपटॉप दाखवला. “मॅडम, एकदम इंडियन पीस. बटणं बघा, नव्यासारखी आहेत.” बटणं खरंच चकचकीत होती, कारण निम्म्यांवर काळे स्टिकर होते. अक्षरं पुसली असतील म्हणून लावले असतील, असं मी धरून चालले. स्टिकरखाली काय आहे, हे विचारलं नाही.

पहिल्या दिवसापासून डावी करंगळी चुकायला लागली. डावीकडचं शिफ्ट आखूड आणि त्याला लागून एक जास्तीचं बटण. इनस्क्रिप्टमध्ये ‘ब’चं बटण शिफ्टसह दाबलं की ‘भ’ उमटतो. करंगळी त्या जास्तीच्या बटणावर पडली की शिफ्ट लागतच नाही. माझ्या भाडेकरारांचे ‘बाडेकरार’ व्हायला लागले. एका वकीलसाहेबांनी लाल शाईने गोल करून पान परत पाठवलं. इतक्या वर्षांत माझ्या कामावर असा गोल कधी पडला नव्हता. त्या रात्री मला झोप लागली नाही.

तीन आठवड्यांनी ‘ब’ उमटेनासा झाला. ‘बक्षीसपत्र’ टाइप करावं तर ‘क्षीसपत्र’. नखाने जरा हलवून पाहिलं, तर बटणाची टोपी सरळ हातातच आली. तिच्या आतल्या बाजूला फेविक्विकचा वाळलेला पांढरा थर. खाली कात्रीसारखी उघडमीट करणारी बारीक प्लॅस्टिकची क्लिप असते, तिचा एक खिळा तुटलेला. त्याच दिवशी ‘च’च्या बटणावरच्या स्टिकरचा कोपरा सुटला होता. तो सोलला, तर खाली इंग्रजी ओ आणि त्याच्या डोक्यावर दोन टिंबं.

आमच्या गल्लीतल्या रिपेअरवाल्याने एका नजरेत ओळखलं. “काकू, हा जर्मन कीबोर्ड आहे.” जर्मन मांडणीत वाय आणि झेड यांच्या जागा आपल्या उलट असतात. झेड वरच्या ओळीत टी आणि यू यांच्यामध्ये, वाय खाली डाव्या कोपऱ्यात. दुकानदाराने त्या दोन टोप्या उचकटून अदलाबदल केल्या. उचकटताना क्लिप मोडली, ती गोंदाने चिकटवून दिली. जर्मनमधल्या तीन टिंबवाल्या अक्षरांवर (ä, ö, ü) स्टिकर लावले, विंडोजमध्ये आपल्याकडे चालते ती अमेरिकन मांडणी निवडली, झाला ‘इंडियन पीस’. इनस्क्रिप्टचा ‘ब’ नेमका इंग्रजी वायच्या जागेवर असतो. ड, च आणि ट त्या तीन टिंबवाल्या बटणांवर.

त्याने समजावलेली एक गोष्ट सगळ्यांना माहीत असावी. बटण दाबलं की संगणकाला अक्षर जात नाही, त्या जागेचा ठरलेला क्रमांक जातो. कोणतं अक्षर उमटवायचं हे सेटिंग ठरवतं. त्यामुळे टोप्या इकडच्या तिकडे केल्याने टायपिंगमध्ये काडीचाही फरक पडत नाही, बदलतं फक्त दिसणं. मराठी मांडणीसाठी बटणं काढून लावून देतो असं कुणी म्हणालं तरी लॅपटॉप त्याच्या हातात देऊ नका. सेटिंगमध्ये मराठी निवडा, हवे तर पारदर्शक स्टिकर लावा.

नवीन कीबोर्ड टाकावा म्हटलं, तर माझ्या लॅपटॉपच्या वरच्या कव्हरलाच प्रत्येक बटणापुरती भोकं आहेत. जर्मन एंटर दोन ओळींएवढं उंच, अमेरिकन आडवं. त्यामुळे कव्हरही बदलावं लागेल.

जर्मन लॅपटॉप विकणं गुन्हा नाही. तसं सांगून कमी किमतीत दिला असता तर कदाचित मी बाहेरचा कीबोर्ड जोडून आनंदाने वापरला असता. पण माझ्या पोटापाण्याची वस्तू सजवून, गोंद लावून, खोटं बोलून विकली, याचा मला फार राग आहे. परत गेले तर म्हणाला, “स्टिकर तर सगळेच लावतात.” बिल मागितलं होतं तेव्हा हाताने लिहिलेली चिठ्ठी दिली होती, तीवर फक्त ‘लॅपटॉप १ नग, चेक करून दिला’.

तुम्ही गेलात तर आधी एंटर बघा. उंच असेल आणि डावं शिफ्ट आखूड असेल, तर तो कीबोर्ड युरोपातला असण्याची शक्यता मोठी, तिथेच स्पष्ट विचारा. भारतात विकायला बनवलेल्या बऱ्याच लॅपटॉपवर ४ च्या बटणावर ₹ छापलेलं असतं, युरोपातल्या बऱ्याच लॅपटॉपवर ई च्या बटणावर युरोचं चिन्ह. एफ आणि जे या बटणांवरच्या उंचवट्यांवर बोट फिरवा, ते मधल्या ओळीतल्या नेहमीच्या जागी नसतील तर टोप्या हलवलेल्या आहेत. एखादा स्टिकर दुकानदारासमोरच सोलून बघा. नको म्हणाला तर उठा. आणि जीएसटीचं बिल घ्या, त्यावर मॉडेल, सीरियल नंबर आणि कीबोर्ड कोणता ते लिहून घ्या.

मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. चिठ्ठीचा आणि त्या गोंद लागलेल्या टोपीचा फोटो सोबत जोडला. टोपी काड्यापेटीत जपून ठेवली आहे. अर्धवट राहिलेलं बक्षीसपत्र शेजारच्या मुलाचा कीबोर्ड जोडून पूर्ण केलं.